हाड गोळीने भरत नाही

दाताच्या मुळाशी पू धरला, गाल सुजला, रात्र बसून काढावी लागली की ठाण्यात काय किंवा नवी मुंबईत काय, माणसाची पहिली धाव मेडिकलकडे असते. 'दाढेची गोळी द्या' एवढे तीन शब्द तिथे पुरतात. पाच दिवसांचे अँटिबायोटिक, जोडीला वेदनाशामक आणि पित्ताची गोळी असा ठरलेला संच हातात पडतो, शंभर-दोनशे रुपयांत काम भागते, तिसऱ्या दिवशी सूज उतरते आणि प्रकरण मिटले असे घरातले सगळे धरून चालतात. मी ठाण्यात दातांचा दवाखाना चालवते आणि हे 'मिटलेले' प्रकरण काही महिन्यांनी, कधी वर्षा-दोन वर्षांनी माझ्यासमोर येऊन बसते, तेव्हा मुळाभोवतीचे हाड आणखी गेलेले असते. मुळाशी झिजलेले हाड गोळीने भरून येत नाही. ते ज्या उपचाराने भरून येते तो उपचार आपल्या शहरांतल्या कष्टकऱ्याच्या आवाक्यात नाही, आणि म्हणूनच गोळी हाच उपचार होऊन बसला आहे, असे माझे म्हणणे आहे. या दोन गोष्टी एकत्र पाहिल्याखेरीज अँटिबायोटिकच्या गैरवापरावर कितीही बोलले तरी ते अर्धवटच राहील.

गोळी का पोहोचत नाही हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. दाताच्या मधोमध एक अरुंद पोकळी असते आणि ती मुळाच्या टोकापर्यंत जाते. तिच्यात ज्याला आपण सर्रास 'नस' म्हणतो तो मऊ भाग असतो; त्यात मज्जातंतू असतात तशा रक्तवाहिन्याही असतात. कीड खोल गेली की जंतू या पोकळीत शिरतात, नस सुजते आणि चहूबाजूंनी कठीण भिंती असल्यामुळे सुजेला जागा न मिळून ती मरते. नस मेली की तिच्यातला रक्तपुरवठाही संपतो. मागे राहते ती एक बंद नळी, जिच्यात मेलेल्या पेशींवर जंतू पोसले जातात, भिंतींना चिकटून थर धरतात, पण जिच्यात रक्ताचा थेंबही येत नाही. पोटात घेतलेली गोळी रक्तावाटे प्रवास करते. जिथे रक्त जात नाही तिथे ती औषध पोहोचवणार कशी? मुळाच्या टोकापलीकडे, हाडात आणि हिरडीत, जे जंतू उतरलेले असतात त्यांच्यावर गोळी थोडाफार परिणाम करते. पोकळीतला मूळ साठा मात्र जसाच्या तसा राहतो. विहिरीत जनावर मरून पडलेले असताना पाण्यात औषध टाकत राहण्यासारखा हा प्रकार आहे.

आता हाडाकडे वळू. मुळाशी हाड 'सडते' असा लोकांचा समज असतो, आणि सडणाऱ्या गोष्टीला औषध द्यावे हे त्या समजातून ओघानेच येते. प्रत्यक्षात तिथे घडते ते निराळे. पोकळीतून सतत झिरपणाऱ्या जंतूंना आणि त्यांच्या विषारी द्रव्यांना अडवण्यासाठी शरीर मुळाच्या टोकाभोवती संरक्षक पेशी जमवते. त्या पेशींना उभे राहायला जागा लागते, म्हणून हाड विरघळवणाऱ्या पेशींना तिथे कामाला लावले जाते आणि शरीर स्वतःचेच हाड मागे घेते. म्हणजे हाडातली ती रिकामी जागा हा शरीराने उभारलेला बचावाचा मोर्चा असतो. समोरून मारा चालू आहे तोवर मोर्चा उठत नाही. मारा थांबला की तो आपोआप उठतो आणि त्या जागी हाड पुन्हा तयार होऊ लागते.

हे अंदाजाने सांगितलेले नाही. काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झजेराल्ड या अमेरिकी संशोधकांनी १९६५ साली उंदरांच्या दाढांना मुद्दाम भोके पाडून नस उघडी केली. नेहमीच्या उंदरांच्या दाढांत नस मेली आणि मुळाशी गळू झाले. जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांच्या दाढांत अन्नाचे कण अडकूनही नस टिकली आणि तिने स्वतःभोवती नवा कठीण थर धरला. पुढे १९७६ मध्ये स्वीडनच्या सुंडक्विस्ट यांनी मार लागून नस मेलेले, पण बाहेरून अखंड राहिलेले माणसांचे दात तपासले. ज्यांच्या पोकळीत जंतू सापडले त्यांच्या मुळाशी हाड झिजलेले होते. ज्यांत जंतू नव्हते त्यांतल्या जवळपास सगळ्यांत नस मेलेली असूनही हाड शाबूत होते. हाडाचे भवितव्य पोकळीत जंतू आहेत की नाहीत यावर ठरते, हे त्यानंतर दंतवैद्यकात वादाचे राहिलेले नाही.

म्हणूनच उपचार पोकळीतच करावा लागतो. ज्याला रूट कॅनाल म्हणतात त्यात दाताभोवती रबराचा पातळ पडदा लावून लाळ अडवतात, दात वरून उघडतात, बारीक सुयांसारख्या हत्यारांनी पोकळी घासून मोकळी करतात आणि सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणाने ती पुन्हा पुन्हा धुतात. जंतू मारण्याचे बरेचसे काम हे धुणेच करते. गरज पडली तर काही दिवस आत कॅल्शियम हायड्रॉक्साइडची पेस्ट ठेवतात. १९२० पासून वापरात असलेल्या या साध्या, स्वस्त पदार्थाची अल्कता इतकी तीव्र असते की बहुतेक जंतू तिच्यात तग धरत नाहीत. शेवटी पोकळी घट्ट भरून वरून दात बंद करतात. अर्धवट वाढ झालेल्या लहान मुलांच्या दातांत क्वचित अँटिबायोटिकची पेस्टही आत ठेवली जाते, पण तिथे औषध थेट पोकळीत पोहोचते. त्याचा गिळायच्या गोळीशी संबंध नाही.

हाड भरताना पाहणे हा आमच्या कामातला फार मोठा आनंद आहे. उपचाराच्या दिवशीचा एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला तर मुळाच्या टोकाशी वाटाण्याएवढा काळा डाग दिसतो आणि निरोगी मुळाला वेढणारी पांढरी बारीक रेघ तिथे तुटलेली असते. सहा महिन्यांनी त्याच दाताचा एक्स-रे काढला की डागाच्या कडा धूसर झालेल्या असतात. वर्षभराने काळ्या भागात कडेकडून आत येणारे करडे धागे दिसू लागतात, डाग मुळाला बिलगून लहान होत जातो, आणि एके दिवशी ती तुटलेली पांढरी रेघ पुन्हा जुळलेली दिसते. याला कधी वर्ष लागते, कधी चारही लागतात. स्ट्रिंडबर्ग यांनी १९५६ साली यशाचे निकष घालून दिले ते या चिकाटीच्या पाहणीवरच, आणि आजही निदान एका वर्षाने एक्स-रे काढावा, शंका राहिली तर चार वर्षांपर्यंत लक्ष ठेवावे असाच युरोपातल्या तज्ज्ञ संघटनेचा सल्ला आहे. मुळाशी हाड गेलेल्या दातांपैकी, उपचार नीट झाला तर, सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून अधिक दात असे बरे होतात. मधुमेह आटोक्यात नसेल किंवा तंबाखू-सिगारेट चालू असेल तर हा वेग मंदावतो, आणि रुग्णाने ही गोष्ट दंतवैद्याइतकीच मनावर घ्यायला हवी.

एक्स-रेची एक मर्यादाही इथेच सांगायला हवी, कारण तिच्यामुळे अनेकांची फसगत होते. हाडाच्या आतल्या जाळीदार भागात झीज सुरू झाली तरी ती बाहेरच्या टणक कवचापर्यंत भिडत नाही तोवर साध्या एक्स-रेत बहुधा दिसत नाही. काळा डाग दिसतो तेव्हा दुखणे जुने झालेले असते. 'एक्स-रेत काही नाही, गोळ्या घ्या' असे सांगितले गेलेले कितीतरी लोक पुढे मोठा डाग घेऊन येतात, त्याचे हे कारण आहे.

मग गोळीने बरे वाटते ते का? कारण मुळाचे दुखणे स्वतःच चढते-उतरते असते. नस पूर्ण मेली की तिची ठणक थांबते. पू हाड आणि हिरडी फोडून बाहेर पडला की दाब कमी होतो आणि हिरडीवर एक लहानसा फोड तेवढा राहतो, जो मधूनमधून फुटतो आणि ज्याला माणूस 'उष्णतेचा फोड' म्हणून सोडून देतो. शिवाय अँटिबायोटिकबरोबर वेदनाशामक घेतलेलेच असते आणि खरा आराम बहुतेक वेळा त्याचा असतो. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत नस सुजून दाढ ठणकणाऱ्या ४० रुग्णांपैकी निम्म्यांना सात दिवस पेनिसिलिन आणि निम्म्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी दिली. दोन्ही गटांच्या वेदनांत फरक आढळला नाही. १९९६ च्या दुसऱ्या एका चाचणीत मुळाशी मर्यादित गळू असलेल्या रुग्णांची पोकळी आधी साफ केली आणि मग काहींना पेनिसिलिन दिले. त्या जोडीच्या गोळीनेही दुखणे किंवा सूज लवकर गेली नाही. म्हणजे पोकळी साफ न करता दिलेली गोळी मुळापर्यंत पोहोचत नाही आणि पोकळी साफ केल्यावर दिलेल्या गोळीला बहुतेकांच्या बाबतीत काही काम उरत नाही.

याचा अर्थ अँटिबायोटिक कधीच लागत नाही असा कोणी काढू नये. तो अर्थ जिवावर बेतू शकतो. ताप आला, अंगात कणकण भरली, सूज गालावरून डोळ्यापर्यंत चढली किंवा जबड्याखाली उतरली, तोंड उघडेना, गिळता येईना, जीभ वर उचलल्यासारखी झाली तर संसर्ग दातापुरता राहिलेला नसतो. खालच्या दाढांतून सुरू होऊन जिभेखालच्या आणि गळ्याच्या भागात पसरणाऱ्या अशा सुजेचे वर्णन जर्मनीच्या लुडविग यांनी १८३६ मध्ये केले आणि ती आजही श्वासनलिका दाबून माणूस मारू शकते. अशा वेळी मेडिकलसमोर किंवा दातांच्या दवाखान्यातही ताटकळत न बसता थेट मोठे रुग्णालय गाठावे, शिरेतून अँटिबायोटिक घ्यावे आणि पू शस्त्रक्रियेने बाहेर काढून घ्यावा. ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांमुळे किंवा आजारामुळे खालावली आहे त्यांचा निर्णयही वेगळा होतो. कृत्रिम झडप बसवलेल्या किंवा हृदयाच्या आतल्या आवरणाला पूर्वी संसर्ग झालेल्या रुग्णाला काही दंतोपचारांआधी तासभर अगोदर अँटिबायोटिकचा एकच मोठा डोस देतात, तो हृदय जपण्यासाठी. दाताच्या हाडासाठी नव्हे.

उरलेल्या बहुसंख्य रुग्णांबाबत मार्गदर्शन स्पष्ट आहे. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ मध्ये सांगितले की प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्या प्रौढाच्या दाताचे दुखणे किंवा मुळाशी असलेले मर्यादित गळू यांसाठी, दातावरचा प्रत्यक्ष उपचार लगेच मिळणार असेल, तर अँटिबायोटिक देऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अँटिबायोटिकविषयक पुस्तकाचा सूरही तोच आहे. त्या अमेरिकी शिफारशीतली एक अट मात्र मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते: 'उपचार लगेच मिळणार असेल तर'. गळू असलेल्या रुग्णाला तो लगेच मिळणार नसेल, तर अमॉक्सिसिलिनचा लहानसा कोर्स द्यायला हीच शिफारस मोकळीक देते. म्हणजे विज्ञानानेच प्रश्न शहराच्या दारात आणून ठेवला आहे. ठाण्यात किंवा तुर्भ्यात दाढ सुजलेल्या माणसाला उद्या सकाळी पोकळी उघडून देणारे, परवडणारे ठिकाण कुठे आहे?

तुर्भ्याच्या घाऊक बाजारात पहाटेपासून गोणी उचलणाऱ्या किंवा रबाळे-महापेच्या कारखान्यांत कंत्राटावर असलेल्या कामगाराचा हिशेब मांडून पाहावा. खासगी दवाखान्यात दाढेचे रूट कॅनाल आणि त्यावरची कॅप मिळून खर्च काही हजारांत जातो. त्यासाठी दोन-तीन फेऱ्या माराव्या लागल्या तर तितक्या दिवसांचा रोज बुडतो. आरोग्य विम्याच्या सर्वसाधारण पॉलिसीत अपघात सोडून दातांचे उपचार बहुधा वगळलेले असतात. सार्वजनिक दंतसेवेचा भर आपल्याकडे वर्षानुवर्षे दाढ काढण्यावर राहिला आहे. राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४ मध्ये सुरू झाला तरी पोकळी साफ करण्याची सोय वस्तीजवळच्या केंद्रापर्यंत उतरलेली दिसत नाही. अशा माणसाने मेडिकलवरून गोळी घेतली तर त्याला अडाणी म्हणणे अन्यायाचे आहे. त्याच्यासमोर उघडे असलेले ते एकच दार असते, आणि ते रात्री अकरापर्यंत उघडे असते.

त्या दारातून बाहेर पडते काय, हेही जवळून पाहावे. दुकानदार पट्टी काढतो, कातरीने त्यातल्या चार किंवा सहा गोळ्या कापतो आणि कागदी पाकिटात टाकून देतो. कापलेल्या तुकड्यावर बहुधा औषधाचे नाव अर्धे, मुदतीची तारीख नाही, चिठ्ठीशिवाय घेऊ नये असे बजावणारी लाल रेघ असलीच तर तुटलेली. चार वर्षांपूर्वी साधे अमॉक्सिसिलिन मागणारे लोक आता 'जरा पॉवरफुल' मागतात, म्हणून सेफिक्सिम किंवा ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची जोडगोळी पुढे सरकते. मुळाच्या गळवात बहुसंख्येने सापडणारे, हवेविना वाढणारे जंतू ध्यानात घेतले तर सेफिक्सिमची निवड दातासाठी मुळातच कच्ची आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने ते 'जपून वापरा' या गटात ठेवले आहे. क्लिंडामायसिनबद्दल तर 'ही हाडात जाते' अशी ख्याती आहे. ती हाडात जाते हे खरे. पण अडचण हाडातली नसून मेलेल्या पोकळीतली आहे, आणि या औषधाने आतड्यात होऊ शकणारा गंभीर जुलाब लक्षात घेता त्या ख्यातीपायी ते घेणे धोक्याचे आहे.

कायदा या बाबतीत मुका नाही. अँटिबायोटिके अनुसूची एचमध्ये येतात, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या अनुसूची एच-१ खाली सेफिक्सिमसारख्या औषधांची विक्री रुग्णाच्या आणि लिहून देणाऱ्याच्या नावासह वेगळ्या वहीत नोंदवून ती वही तीन वर्षे जपणे बंधनकारक आहे. २०१६ मध्ये केंद्राने पट्टीवरच्या लाल रेघेची मोहीम काढली. केरळने २०२४ च्या सुरुवातीला 'ऑपरेशन अमृत' नावाने औषध दुकानांच्या अचानक तपासण्या सुरू केल्या. महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाने तेवढ्याच गांभीर्याने हे हाती घ्यावे, याबद्दल दुमत असू नये, कारण किंमत दातापुरती नाही: २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे झाले, असा 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातला अभ्यास सांगतो. ज्या सेफालोस्पोरिन गटातल्या अँटिबायोटिकवर एखाद्या नवजात बाळाचा जीव उद्या अवलंबून असेल, त्याच घराण्यातले सेफिक्सिम आज दाढेच्या नावाखाली संपवले जात आहे. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या फ्लेमिंग यांनी १९४५ मध्ये नोबेल स्वीकारताना अपुऱ्या मात्रेने जंतू निर्ढावतील हा इशारा दिलाच होता, आणि कापलेल्या पट्टीतल्या चार गोळ्या म्हणजे तीच अपुरी मात्रा आहे.

तरीही केवळ दुकानदारावर छापे घालून हा प्रश्न सुटेल असे मला वाटत नाही, आणि इथे माझ्या काही सहकाऱ्यांशी माझा मतभेद आहे. दार बंद केले आणि दुसरे उघडलेच नाही तर ठणकणारी दाढ कुठे जाईल? ती भोंदू दातवाल्याकडे जाईल, किंवा घरी पडून राहून थेट गळ्याच्या सुजेने रुग्णालयात येईल. सक्ती आणि सोय या दोन्ही गोष्टी एकाच महिन्यात सुरू झाल्या पाहिजेत. माझ्या मते सोय आठवडाभर आधी.

आमच्या व्यवसायालाही बाजूला उभे राहता येणार नाही. दुकानातली निम्मी सवय आमच्या चिठ्ठ्यांतून शिकलेली आहे. 'सूज उतरू द्या, मग बघू' हे वाक्य दवाखान्यादवाखान्यांत ऐकू येते. सुजलेल्या भागात भूल कमी चढते हे खरे आहे. तिथल्या आम्लतेमुळे भुलीचे औषध दुबळे पडते. पण सुजेपासून दूर, मज्जातंतू जिथून येतो तिथे भूल देता येते, आणि दाढ उघडून पू काढणे किंवा वाचणार नसेल तर ती काढून टाकणे त्याच दिवशी जमते. सूज असताना दाढ काढली तर संसर्ग मेंदूत चढतो, ही भीती लोकांच्या मनात घट्ट बसली आहे आणि आम्हीच ती पुरेशी खोडून काढलेली नाही. उलट उशीर झाला की पसरण्याचा धोका वाढतो. संध्याकाळी सहा ते नऊच्या गर्दीत पंधरा रुग्ण बाहेर बसलेले असताना एक दाढ उघडायला अर्धा तास लागतो आणि चिठ्ठी लिहायला अर्धे मिनिट, हे मी जाणते. रुग्ण स्वतःच गोळी मागतो, न दिली तर शेजारच्या डॉक्टरकडे जातो, हेही जाणते. तरी मुळाशी मर्यादित गळू असलेल्या माणसाला दात न उघडता फक्त अँटिबायोटिक देऊन परत पाठवणे हा अपुरा उपचार आहे, आणि त्याला उपचार म्हणणे आम्ही थांबवले पाहिजे. गाल उतरल्यावर 'डॉक्टर, आता दुखत नाही, मग रूट कॅनाल कशाला?' असे विचारणाऱ्याला एक्स-रे हातात देऊन तो काळा डाग बोटाने दाखवावा; मी पाहिले आहे की डाग दिसल्यावर माणसे ऐकतात.

ज्यांना रूट कॅनाल परवडत नाही किंवा ज्यांचा दात फारच ढासळला आहे त्यांच्यासाठी दाढ काढणे हाही प्रामाणिक उपचार आहे, हे सांगायला दंतवैद्यांनी कचरू नये. दाढ निघाली की जंतूंचे घरच जाते आणि खड्डा काही महिन्यांत हाडाने भरतो. चावायला दात कमी होतो ही हानी खरी आहे, आणि तिशीतल्या माणसाची वाचू शकणारी दाढ केवळ पैशांअभावी काढावी लागावी हे कोणत्याही श्रीमंत शहराला शोभणारे नाही. पण वर्षातून चारदा अँटिबायोटिकचा कोर्स घेत सडकी दाढ सांभाळणे त्याहून वाईट.

ठाणे आणि नवी मुंबई यांच्यापाशी मनुष्यबळ नाही असे कोणी म्हणू शकत नाही. नेरूळ, खारघर, कामोठे या एका पट्ट्यात जितकी दंत महाविद्यालये आहेत तितकी राज्यातल्या अनेक अख्ख्या जिल्ह्यांत नाहीत. तिथून दरवर्षी नवे दंतवैद्य बाहेर पडतात आणि त्यातले कित्येक खासगी दवाखान्यांत तुटपुंज्या पगारावर राबतात. ठाण्याहून नेरूळला ट्रान्स-हार्बरची गाडी थेट जाते. पण महाविद्यालयांच्या बाह्यरुग्ण विभागाची वेळ कामगाराच्या पाळीत बसत नाही आणि विद्यार्थ्याच्या हातून होणाऱ्या उपचाराला फेऱ्या अधिक लागतात. ही दरी पालिकेने भरायची आहे. ठाणे महापालिकेचे कळव्याचे रुग्णालय आणि नवी मुंबई महापालिकेची वाशी, नेरूळ, ऐरोलीची रुग्णालये इथे संध्याकाळी आठवड्याचे सहा दिवस चालणारा 'दाढ उघडण्याचा' कक्ष सुरू करावा. त्याला लागते किती? दोन खुर्च्या, एक लहान एक्स-रे यंत्र, रबराचा पडदा, हत्यारे निर्जंतुक करण्याची व्यवस्था, धुण्याचे द्रावण, कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि रूट कॅनालचा सराव असलेले दोन दंतवैद्य. पहिल्याच भेटीत पोकळी उघडून, धुऊन, औषध ठेवून रुग्णाला घरी पाठवता येते आणि त्या रात्री तो झोपतो.

शक्य तिथे पूर्ण रूट कॅनाल एकाच बैठकीत उरकावे. एका भेटीत केलेल्या आणि अनेक भेटींत केलेल्या रूट कॅनालनंतर मुळाच्या बरे होण्यात फरक पडल्याचा पुरावा नाही. एका भेटीनंतर पहिल्या आठवड्यात दुखणे थोडे अधिक राहू शकते, इतकेच. रोजावरच्या माणसाला हा सौदा चालतो. पोकळीतून पू वाहतच असेल तर मात्र दुसरी भेट टाळू नये. कॅपचा खर्च सर्वांत मोठा आहे, तिथे पालिकेने दराची मर्यादा घालून महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांशी करार करावा. कारण कॅप न बसलेली दाढ पुढे चिरू शकते आणि मग केलेले सगळे वाया जाते.

दोन्ही पालिकांनी या कक्षांचे मोजमाप बाह्यरुग्णांच्या संख्येवरून करू नये. किती दाढांची पोकळी पहिल्या दिवशी उघडली, त्यांपैकी कितींना अँटिबायोटिक लिहिले आणि कोणत्या कारणासाठी, आणि एका वर्षाने परत बोलावून काढलेल्या एक्स-रेत किती मुळांशी हाड भरून आले, हे तीन आकडे दर वर्षी अर्थसंकल्पासोबत नगरसेवकांपुढे आणि नागरिकांपुढे ठेवावेत. वर्षभराने रुग्णाला परत बोलावणे सर्वांत अवघड जाईल, कारण दुखत नसलेल्या दातासाठी कोणी रजा टाकत नाही. म्हणून ती तपासणी मोफत असावी, रविवारी असावी आणि बोलावणे त्याच्या फोनवर मराठीत आणि हिंदीत जावे.